सुभेदारसाहेबांचं देणं

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलो तेव्हा माझ्याकडे दोन कागद होते. एक लायसन्स आणि दुसरं मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट. नियमाला मुख्यतः तेवढंच लागतं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिकवणाऱ्याची पात्रता दिली आहे. पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव हवा आणि यंत्राचं शिक्षण हवं. शिकणाऱ्याला किमान २१ दिवस शिकवायचं, त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान दहा तास. इंजिन, गिअरबॉक्स, रस्त्यावरच्या खुणा, कायदा, सगळं त्या अभ्यासक्रमात येतं. स्टिअरिंगमागं बसणाऱ्या माणसाचं शरीर कसं असेल, हे मात्र मला कुणी कधी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. शरीर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं माझ्यासारखंच एक शरीर यायचं.

पुण्यात तेव्हा शिकवण्याची जी सर्रास रीत होती तीच माझी होती. आमच्या गाड्यांना डबल कंट्रोल असतो, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक. पाय त्यावर ठेवून बसायचं, शिकणारा चुकला की दाबायचा आणि मग सांगायचं, "बघा, इथं ब्रेक हवा होता." तोंडाआधी पाय चालायचा. माणसं शिकत होती, पक्कं लायसन्स मिळालं की पेढे आणून देत होती. यात काही उणं आहे हे कळायला कारणच नव्हतं.

२००४ साली, पाऊस संपता संपता, एक जुनी ऑटोमॅटिक झेन आमच्या दारात येऊन थांबली. चालवत होता एक कॉलेजातला मुलगा. शेजारी सुभेदारसाहेब बसले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. सातारा जिल्ह्यातलं गाव, फौजेत उमेदीची वर्षं शक्तिमान ट्रक चालवण्यात गेलेली. डोंगरातल्या एका अपघातात पाठीच्या कण्याला मार बसला आणि छातीखालचं शरीर गेलं. पुढं ते खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहिले. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून चालणारं हे केंद्र पुणेकरांना ठाऊक आहे. आता ते भाच्याकडं राहत होते आणि त्यांना स्वतःची गाडी स्वतः चालवायची होती. झेनला हातानं चालवायची दांडी बसवून घेतली होती. दोन-तीन स्कूलवाल्यांनी नाही म्हटल्यावर ते आमच्याकडं आले होते. आमचे मालक मला म्हणाले, "बघ बाबा, तुझं तू ठरव." हो म्हणायचा धीर मला होत नव्हता. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची मात्र लाज वाटली. या लाजेनंच मला वाचवलं असं मी आज समजतो.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. मी किल्लीकडं हात नेला तर ते म्हणाले, "मास्तर, किल्ली नंतर लावू. आधी माझं अंग समजून घ्या."

त्यांनी बरगड्यांवर आडवा हात ठेवला. "इथनं खाली मला काही कळत नाही. लोक म्हणतात पाय गेले. पाठ पण गेली, पोट पण गेलं. वळणावर तुम्ही पोटानं स्वतःला धरता. मी कलंडतो."

वळणावर मी पोटानं स्वतःला धरतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं गाडी चालवून कळलं नव्हतं. त्यासाठी त्यांनी नाना पेठेतल्या एका सीटकव्हरवाल्याकडून सीटच्या पाठीमागून छातीवरून येणारा रुंद पट्टा शिवून घेतला होता. मग पायांचं सांगितलं. लुळे पाय गप्प पडून राहत नाहीत. चाक खड्ड्यात आदळलं की झटका येऊन पाय उडतो आणि नेमका ॲक्सिलरेटरवर पडू शकतो. म्हणून पेडलांपुढं पत्र्याची आडकाठी केलेली होती. बसायची गादी वेगळी होती, कारण एकाच जागी दाब पडून जखम झाली तरी त्यांना कळणार नव्हतं. गाडी बाजूला लावली की दोन्ही हातांवर जोर देऊन ते अंग वर उचलून घेत. आणि ऊन. छातीखाली त्यांना घाम येत नसे, त्यामुळं तापलेल्या गाडीत आमच्यासारख्याला नुसता त्रास होईल तिथं त्यांना ताप चढायचा. धडा सकाळी लवकर ठेवायचा, गाडी सावलीत लावायची आणि दार पुरतं उघडेल अशी जागा बघायची, म्हणजे चाकाची खुर्ची शेजारी येईल, मध्ये गुळगुळीत फळी टाकता येईल आणि त्यावरून सरकून आत बसता येईल. हे सगळं त्यांनी हिशेब सांगावा तसं सांगितलं. त्यात कुठंही दुःख उगाळणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती त्यांची स्वतःची गाडी होती. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता.

हँडब्रेकवर हात ठेवून मी बसलो. डाव्या हाताशी असलेली दांडी ते पुढं ढकलत तेव्हा ब्रेक लागे, मागं ओढली की गाडी पळे. उजवा हात स्टिअरिंगवर बसवलेल्या मुठीवर. दोन्ही हात गुंतलेले असताना इंडिकेटर कुणी द्यायचा? इंडिकेटरची काडी उजवीकडं, मूठही उजव्याच हातात. वळायच्या बऱ्याच आधी, रस्ता सरळ असताना बोट लांबवून इंडिकेटर द्यायचा आणि मग मूठ घट्ट धरायची, असं आम्ही बसवलं. पुढं एका वायरमननं दांडीच्या टोकाला अंगठ्यानं दाबायचं बटण करून दिलं. पण ते बटण येईपर्यंतच्या काळात मी जे शिकलो ते बटणानं शिकवलं नसतं. पुढचं वळण मला आधी दिसलं पाहिजे आणि दिसल्याबरोबर शांत आवाजात सांगितलं पाहिजे. "पुढं डावीकडं शाळा आहे, मुलं सुटलेली असतील." "समोरची रिक्षा थांबणार आहे, आत्ताच सोडा." पाय काही करू शकत नव्हता, त्यामुळं तोंडाला वेळेवर काम करावं लागलं. गाडी शिकवायची म्हणजे घटकाभर आधी बोलायचं, हे मला सुभेदारसाहेबांच्या झेनमध्ये कळलं. त्याआधी मी गाडी थांबवत होतो. शिकवत होतो असं म्हणवत नाही.

आळंदी रोडच्या आरटीओत त्यांनी स्वतःच्याच गाडीवर परीक्षा दिली आणि पास झाले. लायसन्स हातात आल्यावर पहिली फेरी त्यांनी मला शेजारी बसवून आमच्या स्कूलपर्यंत मारली आणि मालकांना खिडकीतूनच नमस्कार केला.

त्यानंतर ते माणसं पाठवू लागले. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास बसला होता याचं मला आजही नवल वाटतं. लहानपणी पोलिओ झालेल्या एक ताई आल्या. त्यांचा डावा पाय अधू होता, साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर त्यांनी अर्धं पुणं पालथं घातलेलं. त्यांना ऑटोमॅटिक गाडीपलीकडं काहीच नको होतं. मी मोठी तयारी करून गेलो होतो, त्यांनी पहिल्याच तासाला माझी सगळी तयारी मोडीत काढली. उजवा पाय मांडीपासून कापलेले एक गृहस्थ आले. त्यांना ब्रेकच्या डाव्या बाजूला ॲक्सिलरेटर हवा होता, आणि इतक्या वर्षांची सवय मोडून डाव्या पायाला दोन्ही कामं शिकवायची होती. तिथं घाई केली असती तर घात झाला असता. नुसत्या उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, पाय कुठं आहे हे न बघता सांगता येईपर्यंत आम्ही तेवढंच करत राहिलो. कागदावर दोघांच्याही नावापुढं "अपंग" एवढंच लिहिलेलं असे. एकाला जे शिकवलं त्यातलं जवळपास काहीच दुसऱ्याला उपयोगी पडलं नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्यांपर्यंत मी उशिरा पोहोचलो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ साली त्यांना परीक्षा देण्याची वाट मोकळी करून दिली आणि २०१६ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं राज्यांना तसं कळवलं. त्यानंतर चिंचवडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. सुभेदारसाहेबांनी शिकवलेलं आधी बोलायचं सूत्र इथं अडलं, कारण चालत्या गाडीत तिनं माझ्या हातांकडं बघितलं की तिची नजर रस्त्यावरून हटणार. मी सुभेदारसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मग आणखी आधी बोला. गाडी सुरू व्हायच्या आधी." गाडी बाजूला लावून वहीत चौक काढायचा, कुठून वळायचं ते बोटानं दाखवायचं, तिनं मान डोलावली की निघायचं. चालत्या गाडीत फक्त चार खुणा, त्याही डॅशबोर्डच्या वर, रस्त्यावरची नजर न हलवता दिसतील अशा. तिची गाडी गिअरची होती. "इंजिनाचा आवाज जड झाला की गिअर उतरवा" असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो, तिला काय सांगणार? तिनंच ते सोडवलं. माझा हात धरून गिअरच्या मुठीवर ठेवला आणि तिसऱ्या गिअरमध्ये वेग मुद्दाम कमी केला. मुठीत आधी बारीक मुंग्या आल्यासारखं झालं, मग दांडी थडथडू लागली. तिनं गिअर उतरवला आणि थरथर गेली. आता ऐकू येणाऱ्यांनाही मी गिअर असाच शिकवतो. तो जास्त लवकर समजतो.

म्हाताऱ्या माणसांकडं माझं लक्ष वळवलं तेही सुभेदारसाहेबांनीच. एकदा म्हणाले, "आमच्यासारखे किती असतील, मास्तर? म्हातारे तर सगळेच व्हायचेत." आमच्याकडं साठी ओलांडलेल्या बायका शिकायला येऊ लागल्या होत्या. काका आजवर गाडी चालवायचे, आता त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू, मुलं परदेशात, दवाखान्यात कोण नेणार? म्हणून काकू शिकणार. अशा काकूंना विशीतल्या मुलाबरोबर एका वेळापत्रकात बसवून आम्ही त्यांना हळू म्हणत होतो. खरं म्हणजे उजवीकडं वळताना समोरून येणारी वाहनं, वळून जायचा रस्ता आणि तो ओलांडणारी माणसं ही तिन्ही एका वेळी तोलावी लागतात. वय वाढलं की सगळ्यात आधी तिथंच अडतं. एका निवृत्त शिक्षिकेला मी सांगितलं, जे दिसतंय ते मोठ्यानं बोला. त्या बोलू लागल्या. "बस येतेय, ती आधी जाऊ दे. आजोबा रस्त्यात उतरले. आता मोकळं." त्यांच्या बोलण्यातून त्यांना काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये हे मला चूक व्हायच्या आधी ऐकू येऊ लागलं.

चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, पंचावन्न ओलांडली की लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असं अर्जात विचारलेलं असतं. पण समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की त्यानंतर किती वेळ काही दिसत नाही, मान मागं किती वळते, मधुमेहानं तळव्याची जाणीव कमी होऊन पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हे कळतं का, सर्दीच्या गोळीनं पेंग येते का, हे शेजारी बसणाऱ्यानंच विचारायला हवं. मान वळत नसेल तर आरसे वाढवता येतात. चपला काढून पातळ तळाचे बूट घालता येतात. स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्याला छातीपुढं २५ सेंटिमीटर, म्हणजे एक मोठी वीत मोकळी ठेवायला सांगता येतं, नाहीतर एअरबॅग उघडली तर तीच छातीवर आदळते. साध्याच गोष्टी आहेत. पण त्या शिकवणाऱ्याला कुणी शिकवत नाही.

म्हणून आम्ही ते शिकवायचं ठरवलं. ओळखीच्या स्कूलमधल्या शिक्षकांना रविवारी एका मैदानावर बोलावलं. मी वहीत मुद्दे काढून नेले होते. सुभेदारसाहेब म्हणाले, "वही ठेवा. ह्यांचे पाय बांधा." झेनमध्ये एकेकाला बसवून मांड्या आणि पोटऱ्या पट्ट्यानं सीटला बांधल्या आणि मोकळ्या मैदानात दांडीनं गाडी चालवायला दिली. सुरुवात माझ्यापासून. इतकी वर्षं त्या दांडीबद्दल मी बोलत होतो, पण समोर ठेवलेलं पिंप जवळ आलं तेव्हा माझा बांधलेला उजवा पाय पट्ट्याखाली जिवाच्या आकांतानं ब्रेक शोधू लागला. हाताला काम आहे हे डोक्याला कळायला एक क्षण गेला. त्या एका क्षणात गाडी किती पुढं जाते ते सुभेदारसाहेबांनी पावलं मोजायला लावून दाखवलं. नंतर मानेला कॉलर, डोळ्यांवर चिकटपट्टीनं धूसर केलेला चष्मा आणि पायात दोन-दोन जाड मोजे घालून त्याच माणसांना रिव्हर्स घ्यायला लावला. संध्याकाळपर्यंत कुणीही "म्हातारे लोक ऐकत नाहीत" असं म्हणालं नाही.

या कामात नाही म्हणायलाही शिकावं लागतं, आणि ते मला फार जड गेलं. अर्धांगातून उठलेले एक काका उत्तम गाडी चालवायचे, हातापायांत ताकद आलेली होती. पण डाव्या बाजूनं आलेली दुचाकी त्यांच्यासाठी जणू नव्हतीच. डोळ्यांत दोष नव्हता, मेंदूच डावीकडची बाजू सोडून देत होता. अशा वेळी शिकवत राहणं म्हणजे माणसाला फसवणं. डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडं पाठवायचं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. ज्यांच्याकडं मी काकांना पाठवलं त्या थेरपिस्टबाईंकडून कळलं की अमेरिकेत अशा माणसांना पारखून गाडी शिकवण्याचा स्वतंत्र व्यवसायच आहे आणि अशा तज्ज्ञांची संघटना १९७७ पासून काम करते. आपल्याकडं इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांना दोन्ही हात नसताना २०१६ मध्ये लायसन्स मिळालं, पण त्यांना गाडी स्वतःची स्वतःच शिकावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये केरळच्या जिलुमोल मरिएट थॉमस यांना मिळालं. त्यांनाही हात नाहीत, त्याही पायांनी गाडी चालवतात, आणि त्यांना शिकवायला एक ड्रायव्हिंग स्कूल तयार झालं. त्या स्कूलमधल्या शिक्षकाला मी ओळखत नाही, पण पहिल्या दिवशी त्याच्या पोटात काय झालं असेल ते मला कळतं.

तीन वर्षांपूर्वी सुभेदारसाहेबांचा फोन आला. "मास्तर, माझी परीक्षा घ्या." सत्तरी जवळ आली होती. चाकाची खुर्ची हातांनी ढकलून ढकलून अशा माणसांचे खांदे झिजतात, तसे त्यांचे झिजले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भाच्याला काही बोलवत नव्हतं. मी टाळू लागलो तेव्हा त्यांनी सुनावलं, "त्या अर्धांगवाल्या काकांना नाही म्हणालात ना? मग मला वेगळं माप लावू नका."

मैदानावर गेलो. मी पिंप ठेवलं, हात वर केला की पूर्ण ब्रेक मारायचा असं ठरलं. पहिल्या खेपेला दांडी पुढं गेली, पण शेवटच्या टोकाला खांद्यातून कळ आली आणि जोर सुटला. गाडी पिंपाला लागली. ते काही बोलले नाहीत. मी म्हणालो, "साहेब, आज गाडी भाचा नेईल." एवढं वाक्य उच्चारायला मला त्यांच्याकडूनच शिकलेलं सगळं लागलं. त्यांनी मान हलवली आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मग मेकॅनिकनं दांडीचा हात लांब करून दिला, म्हणजे कमी जोरात तेवढाच ब्रेक लागावा. खांद्यासाठी फिजिओथेरपी झाली, एकेका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पावसाळ्यानंतर पुन्हा मैदानावर गेलो आणि पिंपाच्या बऱ्याच अलीकडं गाडी उभी राहिली. मी पुन्हा करायला लावलं, दमल्यावर परत करायला लावलं, आणि मग किल्ली दिली. अट घातली ती फक्त दिवसा चालवण्याची, आणि खांदा दुखला त्या दिवशी अजिबात नाही. ती त्यांनी मोडली नाही.

शिक्षकांसाठीचा आमचा वर्ग अजून चालतो. त्याला सरकारी मान्यता नाही आणि सर्टिफिकेटही नाही, तरी नगरहून, साताऱ्याहून माणसं येतात. पूर्वी आम्ही तो दुपारी चारला घ्यायचो, कारण सकाळी सगळ्यांचे विद्यार्थी असतात. आता सकाळी आठला घेतो. काहींची गैरसोय होते, तसं ते बोलूनही दाखवतात. पण अंधार पडल्यावर सुभेदारसाहेबांना परत जाता येत नाही, आणि पाय बांधायचा तास त्यांच्याशिवाय कुणी घेऊ नये असं मला वाटतं.